पॅनलला ऊन हवं, पण ताप नको

सध्या फोनवर व्हिडिओ फिरतायत, सोलर पॅनलच्या दोन्ही बाजूंना आरसे लावा आणि वीज डबल करा. आरशाने प्रकाश वाढतो आणि करंटही वाढतो, हे खरंय. पण मीटर पहिल्या दोन मिनिटांचा दाखवतात, अर्ध्या तासाने पॅनल तापल्यावर काय होतं ते कोणी दाखवत नाही.

पॅनलवर छापलेले, समजा, 540 वॅट त्यातले सेल, म्हणजे वीज बनवणारे सिलिकॉनचे छोटे तुकडे, 25 अंशांवर असताना मोजलेले असतात. मे महिन्यात अकोल्याच्या गच्चीवर सेल सहज 65 ला जातो. सिलिकॉनच्या पॅनलची वीज दर अंशाला साधारण 0.35 टक्के घटते, म्हणजे 40 अंशांचे 14 टक्के गेले, उरले 464 वॅट.

असं का होतं हा माझा सगळ्यात आवडता भाग. प्रकाशाचा कण सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सोडवतो, त्याला निदान 1.12 इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं अगदी छोटं माप) लागतात, मग सुटे इलेक्ट्रॉन पी-एन जंक्शनच्या, म्हणजे सिलिकॉनचे दोन वेगळे थर जिथे भेटतात त्या जागेच्या, एका बाजूला साठतात आणि व्होल्टेज तयार होतं. पण सेल म्हणजे शेवटी डायोडच, वीज एकाच दिशेने सोडणारा भाग, त्यातून आतल्या आत गळती चालूच असते आणि ती सिलिकॉनमधल्या उष्णतेने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या वर्गावर अवलंबून असते, ती संख्या तापमानाबरोबर एक्स्पोनेन्शियल, म्हणजे पटीपटीने, वाढते, त्यामुळे गळती भराभर वाढते. टाकीचा नळ तेवढाच चालू आणि बुडाचं भोक मोठं झालं तर पातळी उतरणारच, ही पातळी म्हणजे व्होल्टेज. ती एका सेलमागे अंशाला 2 मिलिव्होल्टच्या आसपास उतरते. करंट किंचित वाढतो, पण त्याने भरपाई होत नाही.

शिवाय सेल एकामागे एक जोडलेले असतात, आरशाचा पट्टा निम्म्यांवरच पडला तर करंट कमी प्रकाशवाल्या सेलइतकाच राहतो, जास्तीच्या उजेडाची नुसती उष्णता होते.

काही जण वास्तूसाठी पॅनलचं तोंड पूर्वेला करतात, कृपा करून असं करू नका, आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडून जातो, तोंड दक्षिणेलाच हवं.

थंड ठेवायला पॅनलखाली वारा खेळेल एवढी जागा सोडा. पाणी मारलं तर फायदा होतो, एक लिटर पाणी वाफ होताना 2260 किलोज्यूलच्या आसपास उष्णता घेऊन जातं, पण बोअरचं जड पाणी असेल तर काचेवर क्षाराचा पांढरा थर बसतो आणि तोच प्रकाश अडवतो. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासनला 2012 मध्ये नर्मदेच्या कालव्यावरच 1 मेगावॅटचे पॅनल टाकले, खालच्या पाण्याने पॅनल थंड राहतात, वर पाण्याची वाफही कमी होते.

आणि दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारे बायफेशियल पॅनल असतील तर आरसे सोडा, खालच्या गच्चीला पांढरा चुना मारा, उजेड मागच्या बाजूला सगळीकडे सारखा पसरतो आणि गच्चीही कमी तापते.