पायाची जखम का भरत नाही : पोटरी, झडपा आणि दाब

घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर जखम होते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. मलमे बदलून होतात, प्रतिजैविके घेऊन होतात, रक्तातील साखर तपासली तर ती ठीक निघते, आणि शेवटी ‘रक्तच खराब झाले आहे’ असे ठरवून माणूस रक्तशुद्धीच्या औषधांकडे वळतो. वास्तविक पायाच्या जुनाट जखमांपैकी निम्म्याहून अधिक जखमांचे मूळ शिरांमधील, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांमधील, वाढलेल्या दाबात असते. शिरेतील रक्तात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून ते दूषित ठरत नाही. जळवा लावून ते काढल्याने किंवा काढे पिऊन ते ‘शुद्ध’ केल्याने शिरेतील दाब उतरत नाही.

हा दाब येतो कुठून, याचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्रात बसणारे आहे. माणूस स्थिर उभा असताना हृदयापासून घोट्यापर्यंत सुमारे 120 सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ शिरांमध्ये उभा असतो. रक्ताची सापेक्ष घनता 1.06 आणि पाऱ्याची 13.6; म्हणजे 120 ला 1.06 ने गुणून 13.6 ने भागले की उत्तर येते साधारण 9.4 सेंटिमीटर, अर्थात 94 मिलिमीटर पारा. प्रत्यक्ष मोजमापातही घोट्याजवळच्या शिरेत 80 ते 90 मिलिमीटरच्या आसपास दाब आढळतो, आणि तो निरोगी माणसातही असतो. फरक पडतो तो चालू लागल्यावर. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की त्यांच्या आतील खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल पडले की ते खाली परतू पाहते, परंतु शिरांमधील एकेरी झडपा मिटून त्याला अडवतात. अशा काही पावलांतच घोट्याजवळचा दाब 20 ते 30 मिलिमीटरपर्यंत उतरतो. पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते याच कामगिरीमुळे.

शिरा ताणल्या जाऊन झडपांची पाती एकमेकांना टेकेनाशी झाली, किंवा पूर्वी शिरेत गुठळी होऊन त्या निकामी झाल्या, की वर गेलेले रक्त पुन्हा खाली येते आणि चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही. हा सततचा दाब केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो, त्यांच्या भिंतींतून द्रव, प्रथिने आणि लाल पेशी ऊतींत झिरपतात. लाल पेशींतील लोह तेथे साठून त्वचा तपकिरी पडते, पांढऱ्या पेशी अडकून दाह माजवतात, आणि ऊती विरघळवणारी विकरे गरजेपेक्षा जास्त स्रवतात. नेहमीची जखम दाहाच्या टप्प्यातून पुढे सरकून नवी ऊती बांधू लागते. ही जखम मात्र दाहातच अडकून राहते, कारण जे बांधले जाते तेच विकरे तोडत असतात.

म्हणूनच या जखमेचे खरे औषध म्हणजे बाहेरून दिलेला दाब. अनेक थरांच्या पट्टीने घोट्यापाशी सुमारे 40 मिलिमीटर दाब देणे हा उपचाराचा कणा आहे. येथे लाप्लासचा नियम फार देखणे काम करतो : पट्टीचा ताण सारखा ठेवला तर पायाचा घेर जितका मोठा, तितका त्वचेवरचा दाब कमी. घोट्याचा घेर 22 सेंटिमीटर आणि पोटरीचा 35 असेल, तर घोट्यापाशी 40 मिलिमीटर देणारी पट्टी पोटरीवर आपोआप 25 च्या आसपासच देते आणि रक्ताला वर जाण्यास अनुकूल असा उतरता दाब तयार होतो. त्याच नियमाने नडगीच्या धारदार कडेवर दाब नको तितका वाढून त्वचा सोलवटू शकते, तर घोट्यामागच्या खळगीत तो पोहोचतच नाही. म्हणून कुशल परिचारिका पट्टी बांधण्याआधी कापसाच्या थराने पायाचा आकार सारखा करून घेते. पट्टी घट्ट बांधण्यापूर्वी धमन्यांची तपासणी मात्र अनिवार्य आहे. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या 0.8 पटीपेक्षा कमी असेल, तर पूर्ण ताकदीची पट्टी पायाचा रक्तपुरवठाच तोडू शकते.

बाकी घटकांपैकी जखमेचे क्षेत्रफळ आणि वय हे सर्वांत बोलके असतात. मोठी आणि वर्षभर जुनी जखम भरणे अवघड, आणि उपचाराच्या पहिल्या चार आठवड्यांत ती कितपत आकसली यावरून पुढचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. घोटा आखडलेला असेल तर पोटरीचा पंप पूर्ण चालत नाही, म्हणून घोट्याचे व्यायाम केवळ सोबतीचा सल्ला नव्हेत. स्थूलपणामुळे पोटातील दाब वाढतो, कुपोषणामुळे बांधणीचे साहित्य अपुरे पडते. जखमेवर जिवाणू जवळजवळ नेहमीच सापडतात. आजूबाजूला पसरणारा संसर्ग, ताप किंवा वाढती वेदना नसताना निव्वळ त्यांच्यासाठी प्रतिजैविके घेऊन जखम लवकर भरत नाही.

सदोष शिरेवर वेळीच उपचार करण्याचे महत्त्व 2018 मध्ये ब्रिटनमधील 450 रुग्णांच्या चाचणीतून स्पष्ट झाले. सर्वांना दाबपट्टी होती. ज्यांची त्वचेलगतची सदोष शीर लेझर, उष्णता किंवा औषधी फेसाने लवकर बंद केली, त्यांची जखम भरण्याचा मध्यक काळ 56 दिवसांचा होता, उरलेल्यांचा 82 दिवसांचा. त्याआधी 2004 मधील एका चाचणीत दाबपट्टीच्या जोडीला शस्त्रक्रिया केल्याने जखम भरण्याचा वेग बदलला नाही, पण वर्षभरात ती पुन्हा होण्याचे प्रमाण 28 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. जखम भरली तरी निकामी झडपा काही पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे दाबाचे मोजे पुढेही वापरावे लागतात. ते सकाळी, पायावर सूज चढण्याआधी घालायचे असतात आणि त्यांची लवचीकता गेली की बदलायचे असतात.