मलबारचा उठाव (१९२१)

मद्रास इलाख्याच्या मलबार जिल्ह्यातील मोपला (माप्पिळा) मुसलमान कुळांनी इंग्रज सरकार आणि जन्मी म्हणजे वतनदार जमीनमालक यांच्याविरुद्ध केलेला सशस्त्र उठाव. ऑगस्ट १९२१ मध्ये पेटलेला हा वणवा १९२२ च्या सुरुवातीस विझला. एरनाड आणि वळ्ळुवनाड हे तालुके व पोन्नानीचा काही भाग, म्हणजे मुख्यतः आजच्या केरळातील मलप्पुरम जिल्हा, ही त्याची भूमी. मराठीत तो ‘मोपल्यांचे बंड’ म्हणून ओळखला जातो आणि बहुधा त्याच्या शेवटच्या, रक्तलांछित महिन्यांवरूनच. त्या महिन्यांतील अत्याचार खरे आहेत. पण उठावाची मुळे जमिनीच्या व्यवहारात आहेत, आणि तो व्यवहार समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही.

मलबारात जमिनीवर जन्मीचा हक्क असे. जन्मी म्हणजे बहुतांशी नंबूद्री ब्राह्मण, राजघराणे किंवा देवस्थान. त्याच्याकडून काही रक्कम भरून जमीन धरणारा तो काणक्कारन, आणि त्याच्याही खाली खंडाने प्रत्यक्ष कसणारा वेरुम्पाट्टक्कारन. एरनाडातील मोपले बहुसंख्येने या तळच्या थरातले. इंग्रजांपूर्वी या तिघांचाही पिकावर रूढीने ठरलेला वाटा असे. म्हैसूरच्या सत्तेकडून १७९२ मध्ये मलबार कंपनीकडे आला आणि कंपनीच्या कोर्टांनी जन्मीला जमिनीचा निखळ मालक ठरवले. वाटेकरी एका फटक्यात भाडेकरू झाले. काणाची, म्हणजे काणक्कारनाच्या पट्ट्याची, बारा वर्षांची मुदत संपली की नूतनीकरणासाठी जबर रक्कम मोजायची; नाहीतर ‘मेलचार्त्त’ होते, म्हणजे जास्त पैसे देणाऱ्या तिसऱ्याच माणसाला पट्टा लिहून देऊन जुन्या कुळाला बेदखल करायचे. हुकूमनामा कोर्टाचा आणि अंमलबजावणी पोलिसांची, त्यामुळे कुळाच्या लेखी जन्मी आणि सरकार ही एकाच हाताची दोन बोटे होती.

१८३६ पासून १९१९ पर्यंत या भागात तीसेक छोटे उठाव झाले. त्यांचे रूप विलक्षण होते. मूठभर माणसे पांढरे कपडे घालत, बायकांना तलाक देत, एखाद्या जन्मीला किंवा त्याच्या कारभाऱ्याला ठार करत आणि मग पळून न जाता सैन्याची वाट पाहत. शहीद होणे हाच शेवट ठरलेला असे. १८५५ मध्ये कोळिक्कोडच्या बंगल्यात कलेक्टर कॉनली मारला गेला. सरकारने मोपल्यांसाठी वेगळे कायदे केले, सुरे बाळगण्यावर बंदी घातली, गावांवर सामुदायिक दंड बसवले. विल्यम लोगन या अधिकाऱ्याने मात्र १८८१–८२ च्या चौकशीत दुखणे जमिनीचे आहे असे स्वच्छ लिहून ठेवले. त्यातून १८८७ मध्ये कुळाने केलेल्या सुधारणांची भरपाई देणारा कायदा झाला. कसण्याची शाश्वती मिळाली नाही.

एप्रिल १९२० मध्ये मंजेरी येथील काँग्रेसच्या जिल्हा परिषदेत कुळांचा प्रश्न व्यासपीठावर आला. त्याच वर्षी ऑगस्टात गांधीजी आणि शौकत अली कोळिक्कोडला आले आणि तुर्कस्तानच्या खलिफाच्या बाजूने चाललेल्या खिलाफत चळवळीच्या समित्या गावोगाव उभ्या राहिल्या. कुळांच्या सभा आणि खिलाफतीच्या सभा यांतला फरक एरनाडात लवकरच पुसला गेला. पूक्कोट्टूरला ठिणगी पडली तीही अशीच: निलंबूरच्या तिरुमुल्पाड घराण्याशी बिनसलेल्या वडक्केवीट्टिल मम्मद या खिलाफत चिटणिसावर बंदूक चोरल्याचा आळ आला आणि पोलीस झडतीला गेले, तेव्हा मोठा जमाव आडवा आला. २० ऑगस्टला धर्मगुरू आणि खिलाफतीचे पुढारी अली मुसलियार यांना पकडण्यासाठी फौज तिरूरंगाडीत शिरली. जवळच्या मंपुरमची मशीद पाडल्याची खोटी अफवा पसरली, लोक धावले, गोळीबार झाला. पुढच्या काही दिवसांत रूळ उखडले गेले, तारा तुटल्या, खजिने लुटले गेले आणि नोंदणी कचेऱ्यांतली दप्तरे जाळली गेली. कुळाला बेदखल करणारा कागद त्याच दप्तरात असे.

२६ ऑगस्टला पूक्कोट्टूरला समोरासमोर लढाई होऊन शेकडो मोपले पडले. अली मुसलियार शरण गेले. पुढे फेब्रुवारी १९२२ मध्ये त्यांना कोइंबतूरच्या तुरुंगात फाशी झाली. ते शरण गेल्यावर नेतृत्व वारियनकुन्नत्त कुञ्ञहमद हाजी यांच्याकडे आले. त्यांनी काही महिने स्वतःचा अंमल चालवला, कर आणि परवाने सुरू केले. त्यांच्या लोकांनी मारलेल्यांत निवृत्त पोलीस अधिकारी चेक्कुट्टी होते, आणि ते स्वतः मोपलाच होते.

लष्करी कायदा आला, गुरखा पलटणी जंगलात उतरल्या आणि खबर देण्याचा संशय शेजाऱ्यांवर येऊ लागला, तसा उठावाचा रोख बदलला. अनेक ठिकाणी हिंदूंच्या हत्या, लूट आणि सक्तीची धर्मांतरे झाली. हजारो कुटुंबे घरे सोडून पळाली. सप्टेंबरात तुव्वूर येथे पकडून आणलेल्या माणसांना मारून विहिरीत टाकले गेले. मारले गेलेले सगळे जन्मी नव्हते. जमिनीच्या अन्यायाने या हत्यांचे समर्थन होत नाही, आणि या हत्यांनी तो अन्याय खोटाही ठरत नाही.

सरकारची बाजूही रक्तानेच माखलेली आहे. १९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिरूरहून सुमारे शंभर कैदी मालडब्यात कोंबून पाठवण्यात आले. त्यांत काही हिंदूही होते. हवेला वाट नव्हती. पोडनूरला दार उघडले तेव्हा बहुतेक जण गुदमरून मेले होते, आणि मृतांचा आकडा अखेर ७० वर गेला. सरकारी हिशेबाने उठावात २,३३९ बंडखोर ठार आणि १,६५२ जखमी झाले, ४५,४०४ पकडले गेले किंवा शरण आले. अनेकांना अंदमानात पाठवले. कुञ्ञहमद हाजींना २० जानेवारी १९२२ रोजी मलप्पुरमला गोळ्या घातल्या. कुळांची चळवळ बांधणारे काँग्रेसचे एम. पी. नारायण मेनन यांनाही जन्मठेप झाली.

महाराष्ट्राचा यात एक थेट धागा आहे. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर मलबारात गेले आणि त्यांनी निर्वासितांसाठी मदतकार्य उभारले. त्यांच्या नावाची शाळा आजही तानूर येथे आहे.

केरळ सरकारने १९७१ मध्ये उठावात भाग घेणाऱ्यांना स्वातंत्र्यसैनिक मानले. २०२१ मध्ये भारतीय इतिहास संशोधन परिषदेच्या समितीने हुतात्म्यांच्या कोशातून यांतील ३८७ नावे वगळण्याची शिफारस केली, आणि वाद पुन्हा पेटला. जमिनीपुरते पाहायचे तर १९३० च्या मलबार कूळ कायद्याचा फायदा मुख्यतः काणक्कारनांना झाला. खंडाने कसणाऱ्याला जमीन मिळायला १ जानेवारी १९७० उजाडावा लागला. केरळातील कूळपद्धत त्या दिवशी रद्द झाली.