पाळणाघर नेमके कोणाचे?

बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात 1929 सालीच झाला. बाळाला अफू चारून निजवायचे आणि आईने गिरणीत जायचे, असा तो काळ. आदल्या वर्षी विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलताना एका सदस्याने, हा बोजा मुख्यतः सरकारने उचलावा, असे म्हटले होते. तसे झाले नाही. 1961 च्या केंद्रीय कायद्याने 12 आठवड्यांची पगारी रजा दिली, 2017 मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली. कामगार विमा योजनेतल्या स्त्रिया सोडल्या तर पैसे मालकाचेच. मुलाखतीत 'लग्न कधी करणार?' हा प्रश्न उगाच येत नाही.

खरा गुंता मात्र 'पाळणाघर' या शब्दात आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने 50 हून अधिक स्त्री-कामगार असतील तिथे ते सक्तीचे केले; 1976 मध्ये हा आकडा 30 वर आला. मोजायच्या त्या फक्त बायका. म्हणजे तीस बायकांवर भरती थांबवली की पाळण्याचा खर्च वाचला. 1961 च्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने मोजणीच बदलली: एकूण 50 कर्मचारी, मग त्यात बाई एकच का असेना. माझ्या मते हा बदल 26 आठवड्यांपेक्षा मोठा. पण चर्चा झाली ती रजेचीच. दिवसातून चारदा बाळाकडे जाण्याची मुभा मात्र आईलाच. मोजताना बाप धरला, बाळाकडे सोडताना विसरला.

एसटी स्थानकातला हिरकणी कक्ष म्हणजे पाळणाघर नव्हे, ती स्तनपानाची खोली. (कथेतली हिरकणी तशी कमावती आईच, दूध घालायला गडावर गेली आणि दरवाजे बंद झाले.)

डोंबिवली-ठाण्यात पाळणाघर म्हणजे तिसरेच काही: शेजारच्या इमारतीतल्या काकूंचा हॉल. लोकल गाठण्याआधी मूल तिथे सोडायचे, संध्याकाळी गाडी रखडली तर काकूंची बोलणी खायची. 2017 ची तरतूद या हॉलपर्यंत पोचत नाही. इथले पैसे आईबापच भरतात.

सरकारी नोकरीतले चित्र वेगळे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना 2008 पासून 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. महाराष्ट्राने 2018 मध्ये 180 दिवसांची दिली. ती वडिलांनाही मिळते, पण पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर.