इंजिन बसलं, पण हवा कुठून घेणार?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये गेल्या महिन्यात मारुती जिप्सीत जुन्या बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन बसताना पाहिलं. इंजिन फाउंडेशनवर टेकलं, गिअरबॉक्सही जुळला, तरी गाडी तिसऱ्या आठवड्यात तिथेच उभी होती. अडलं होतं ते इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावर. बलेनोत हे इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं असतं, जिप्सीत ते लांबीत बसवावं लागतं. इंजिन फिरवलं की मॅनिफोल्डचं तोंडही फिरतं, आणि थ्रॉटल बॉडी (किती हवा आत जाईल ते ठरवणारी झडप), पाईप, फिल्टर या सगळ्यांची जागा चुकते. मिस्त्री म्हणाले, "इंजिन त बसलं भाऊ, पण हे श्वास कुठून घेईन?"

नागपूरच्या गॅरेजांमध्ये हा प्रश्न निदान पन्नास वर्षं जुना आहे. उत्तर मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शोधावं लागलं.

सुरुवात जीपपासून करावी लागते. मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणी, उमरेड-सावनेरकडच्या कोळसा खाणी, शिवाय जंगल खातं. इथे जीपशिवाय पान हलत नव्हतं. महिंद्राच्या सीजे३बी जीपमध्ये २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन असायचं. त्याचा इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणात) आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बोनेटही उंच करावं लागलं. त्या इंजिनाला वेगळा इनटेक मॅनिफोल्ड नसतोच, तो हेडमध्येच ओतलेला असतो आणि हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर थेट हेडवर बसतो. पुढे पेट्रोल काढून डिझेल घालणाऱ्यांना त्या उंच बोनेटखालची जागा फार कामी आली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासं झालं आणि सरकारने डिझेल स्वस्त ठेवलं. मग जीप, ॲम्बेसेडर, फियाट अशा गाड्यांत डिझेल इंजिन घालून घेण्याची चाल पडली. बदल परवानगीने करून आरसी बुकात तशी नोंद करून घेता यायची.

डिझेल इंजिनात बहुधा थ्रॉटल नसतो. हवा मोकळी आत येते आणि वेग इंधनावर ठरतो. म्हणून हवेचा पाईप हे सगळ्यात सोपं काम समजलं जायचं, नवख्या पोराकडे दिलं जायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त इंजिनं याच समजुतीने खाल्ली. माझ्या काकांच्या जीपमध्ये डिझेल बसवून घेतलं तेव्हा फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा पाईप दुसऱ्याच गाडीचा रबरी होज कापून केलेला होता. वळणावर तो चपटा व्हायचा आणि एका टोकाची क्लिप नीट आवळली जात नव्हती. उमरेड रोडची कोळशाची धूळ त्या फटीतून उन्हाळाभर आत गेली. दिवाळीपर्यंत गाडी निळा धूर टाकायला लागली. इंजिन उघडलं तर रिंगा झिजलेल्या, लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभे ओरखडे. फिल्टर नवाकोरा होता, काका तो दर आठवड्याला साफ करायचे. धूळ फिल्टर आणि इंजिनाच्या मधल्या त्या फटीतून शिरली होती.

त्याहून धोक्याचा भाग गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेचा. काही जुन्या डिझेल इंजिनांत गव्हर्नर वाऱ्याच्या ओढीवर चालतो. इनटेकच्या तोंडाशी अरुंद गळा असतो, तिथला व्हॅक्यूम एका बारीक नळीने इंधन पंपाच्या पडद्यापर्यंत जातो आणि इंधन कमी करतो. ती नळी फाटली की पंप इंधन वाढवतच नेतो आणि इंजिन सुसाट सुटतं. असा गळा असलेलं तोंड 'फालतू आहे' म्हणून कापून साधा पाईप लावणं म्हणजे इंजिनाचा लगाम तोडणं.

पेट्रोलची तऱ्हा वेगळी. कार्बुरेटरच्या काळात मॅनिफोल्डमधून हवा आणि पेट्रोल दोन्ही जायचं. थंड भिंतीवर पेट्रोलचे थेंब बसतात, कोपऱ्यात साचतात, म्हणून मॅनिफोल्डला पाण्याची किंवा एक्झॉस्टची ऊब दिलेली असायची. असा ओला मॅनिफोल्ड घरी बनवणं अवघड, त्यामुळे लोक कंपनीचाच ठेवायचे आणि वेगळा कार्बुरेटर बसवण्यापुरती मधली पट्टी बनवायचे. ही पट्टी बनवण्याची रीत आजही बदललेली नाही. पॅकिंगचा कागद हेडवर धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने पोर्टच्या (हेडमधल्या हवेच्या भोकाच्या) कडेवर हलके ठोके द्यायचे. लोखंडाची धारच कागद कापत जाते. बोल्टच्या भोकांवर दोन ठोके, की भोकं आपोआप पडतात. तो कागद ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठेवून खुणा करायच्या, ड्रिल मारायचं, उरलेलं कानशीने घासायचं. मोजपट्टी कुठेच लागत नाही आणि माप केसभरही चुकत नाही.

एप्रिल २००० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष आले. कार्बुरेटर गेले, एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, आलं. आता पेट्रोल थेट पोर्टच्या तोंडाशी फवारलं जातं आणि मॅनिफोल्डमधून फक्त हवा वाहते. मॅनिफोल्ड कोरडा झाला. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. कोरडी हवा वळवता येते, वर नेता येते, पुढे आणता येते. हाताने वेल्डिंग करून मॅनिफोल्ड बनवणं तेव्हापासून खऱ्या अर्थाने शक्य झालं. पाईपच्या लांबीचा खेळही जमू लागला: रनर, म्हणजे एकेका सिलिंडरकडे जाणारी नळी, लांब तर खालच्या आरपीएमवर ओढ चांगली, आखूड तर वरच्या. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या ३००एफ मॉडेलला ३० इंची रनर लावले होते, ते याच हिशोबाने.

मोकळीक मिळाली तशी कटकटही वाढली. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), हवेच्या तापमानाचा सेन्सर, आयडलचा व्हॉल्व्ह, इंजेक्टरची बैठक, ब्रेक बूस्टरची नळी, या सगळ्यांना जागा द्यावी लागते. बूस्टरची नळी विसरलात तर ब्रेक दगडासारखा होतो.

मग वेल्डिंग. फ्लँज, म्हणजे मॅनिफोल्ड हेडला आवळायची जाड पट्टी, लेझरने कापून मिळते, ते काम आता सोपं आहे. पण ॲल्युमिनियमवर आर्गन वेल्डिंगची उष्णता पडली की १२ मिलीमीटरची फ्लँजसुद्धा केळ्यासारखी वाकते. जाणकार कारागीर ती आधी एखाद्या भंगारातल्या हेडवर किंवा जाड प्लेटवर आवळतो, थोडं इकडे थोडं तिकडे असं वेल्ड करतो, पूर्ण गार होऊ देतो आणि शेवटी तोंड मशीनवर सपाट करून घेतो. ज्यांना घाई असते ते वाक लपवायला सिलिकॉन थापतात. दोन महिन्यांनी तिथूनच हवा ओढली जाते.

आणि नागपूरचं ऊन. २० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ८ टक्के विरळ असते. तीच हवा रेडिएटरमागून ७० अंशांवर घेतली तर आणखी ७ टक्के जातात. म्हणजे मोठं इंजिन घातल्याचा बराचसा फायदा चुकीच्या जागी ठेवलेल्या फिल्टरमुळे मे महिन्यात वाफ होऊन जातो. म्हणून इथले चांगले मिस्त्री फिल्टरला पत्र्याची पेटी करतात आणि ग्रिलकडून हवा आणतात.

इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पोरांनी यात नवा धागा जोडला. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग स्पर्धेच्या गाड्यांत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलीमीटरच्या भोकातून घ्यावी लागते, त्यामुळे ती पोरं प्लेनमचा, म्हणजे रनरांआधीच्या हवेच्या डब्याचा, आकार संगणकावर तपासून थ्रीडी प्रिंट करतात. प्रिंट केलेला नमुना बोनेटखाली जागेवर लावून बघायला उत्तम. पण स्वस्तातलं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, त्यावर गाडी चालवू नये. कंपन्या काचतंतू मिसळलेलं नायलॉन वापरतात ते उगाच नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. २००० साली मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदललं, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करण्यास मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पक्की केली. डिझेलच्या किमतीही ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाल्या, त्यामुळे पैसे वाचवायला इंजिन बदलण्याचं फारसं कारण उरलं नाही. आज जे बदलतात ते बहुतेक रॅली आणि ऑफ-रोडसाठी. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत विचारा. विमाही त्यावरच अडतो.

त्या जिप्सीचा मॅनिफोल्ड परवा तयार झाला. चार रनर, वर गोल प्लेनम, तोंड पुढे ग्रिलकडे. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं, मालकाने टाळी वाजवली. मिस्त्रींनी हाताने थांबवलं आणि कार्ब क्लीनरचा बारीक फवारा प्रत्येक जोडावर मारत गेले. पहिला, दुसरा, तिसरा, आवाज तसाच. चौथ्यापाशी आरपीएम किंचित वर चढला; तिथल्या फटीतून फवारा आत ओढला गेला होता. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि बाराचा पाना मागितला.