टायबर बेट, रोम

रोम शहराच्या ऐन मध्यात, टायबर नदीच्या पात्रात असलेले लहान ऐतिहासिक बेट. इटालियन नाव ‘ईझोला तिबेरिना’. लांबी सु. २७० मी., जास्तीत जास्त रुंदी सु. ६७ मी.; एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्यामुळे बहुतेक पर्यटक ते बघायला असे येतच नाहीत. डाव्या काठावरच्या जुन्या ज्यू वस्तीतून पलीकडच्या त्रास्तेवेरे या भागात जेवायला जाताना दोन पुलांमधला रस्ता म्हणून ते ओलांडून जातात. खरे तर आजाऱ्यांची जागा ही ओळख या बेटाने दोन हजारांहून अधिक वर्षे टिकवली आहे, आणि ती डोळ्यांनी पाहता येते.

बेटाच्या जन्माची कथा लिव्ही या रोमन इतिहासकाराने दिली आहे. शेवटचा राजा तार्क्विनिअस याला हाकलून दिल्यावर लोकांनी त्याच्या शेतातले कापलेले धान्य नदीत फेकले आणि त्यावर गाळ साचून बेट झाले, अशी ती कथा. आजाऱ्यांशी संबंध जोडला गेला तो इ. स. पू. २९३ च्या साथीमुळे. साथ हटेना, तेव्हा रोमनांनी ग्रीसमधील एपिडॉरस येथे वैद्यकदेवता अस्क्लीपिअसला आणायला माणसे धाडली. परतताना जहाजातला देवाचा साप उतरून पोहत या बेटावर गेला, म्हणून मंदिर इथेच बांधले, असे सांगतात. रोगी मंदिरात रात्री झोपत. देव स्वप्नात येऊन उपाय सांगतो अशी श्रद्धा होती. या श्रद्धेची एक कडू बाजूही आहे. औषधोपचाराचा खर्च आणि कटकट नको म्हणून मालक आजारी गुलामांना बेटावर आणून टाकत. असा टाकलेला गुलाम बरा झाला तर तो कायमचा मुक्त, असे सम्राट क्लॉडिअसने इ. स. पहिल्या शतकात ठरवून दिले.

सापाच्या जहाजाची आठवण म्हणून पुढे बेटाच्या काठालाच ट्रॅव्हर्टीन दगडात जहाजाचा आकार दिला गेला. त्याचा थोडा भाग पूर्वेच्या काठावर, खालच्या अंगाला अजून शाबूत आहे. सापाचा विळखा असलेला दंड आणि बैलाचे मुंडके त्यावर ओळखू येते; देवाचा चेहरा मात्र झिजून गेला आहे. हे शिल्प वरच्या चौकातून दिसत नाही. ते पाहायचे तर नजर खाली, पाण्याच्या पातळीकडे न्यावी लागते, आणि नेमके तेच बहुतेक जण करत नाहीत.

पुलांची गंमत अशी की दोन्ही सारखेच जुने वाटतात, पण तसे नाही. ज्यू वस्तीकडचा फाब्रिचो पूल इ. स. पू. ६२ मध्ये रस्त्यांचा अधिकारी लुसिअस फॅब्रिशिअस याने बांधवला. त्याचे नाव कमानींवर आजही वाचता येते. मधल्या खांबात पुराचे पाणी निघून जावे म्हणून छोटी कमान ठेवलेली आहे. मूळ रूपात उभा असलेला हा रोममधला सर्वांत जुना पूल; आता त्यावरून फक्त माणसे चालतात. कठड्यावर चार तोंडांचे दोन दगडी खांब असल्याने लोक त्याला ‘चार डोक्यांचा पूल’ म्हणतात. दुसरा, त्रास्तेवेरेकडचा चेस्तिओ पूल मुळात प्राचीनच. पण १८७० च्या मोठ्या पुरानंतर नदीकाठी उंच भिंती बांधताना पात्र रुंद केले गेले आणि १८८८ ते १८९२ दरम्यान तो उतरवून पुन्हा बांधला. जुने दगड मधल्या कमानीत वापरले आहेत, बाजूच्या कमानी नव्या.

मंदिराच्या जागी दहाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट तिसऱ्या ओटोने चर्च उभारले. आज ते संत बार्थोलोम्यू यांच्या नावाने ओळखले जाते. वेदीच्या पायऱ्यांतच कोरीव संगमरवरी काठाची मध्ययुगीन विहीर आहे. मंदिरातल्या औषधी झऱ्याची ती वारस मानली जाते. मराठी वाचकाला इथे एक धागा सापडतो : बार्थोलोम्यू हे येशूचे प्रेषित (निवडक शिष्य) ‘इंडिया’त गेले होते अशी जुनी परंपरा आहे आणि हा ‘इंडिया’ म्हणजे कोकण किनारा, बहुधा कल्याणचा परिसर, असे काही ख्रिस्ती अभ्यासक मानतात. पुरावा तोकडा आहे. ‘इंडिया’ हे नाव त्या काळी फार ढिलेपणाने वापरले जाई. २००२ पासून हे चर्च विसाव्या-एकविसाव्या शतकांतील ख्रिस्ती हुतात्म्यांचे स्मारकही आहे.

चौकाच्या दुसऱ्या बाजूला फातेबेनेफ्रातेल्ली या जुन्या नावाने प्रसिद्ध असलेले रुग्णालय आहे. संत जॉन ऑफ गॉड यांच्या पंथाच्या बंधूंनी ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केले. १६५६ च्या प्लेगमध्ये सगळे बेटच विलगीकरणासाठी बंद केले होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मनांनी पलीकडच्या ज्यू वस्तीवर धाड घातली, तेव्हा डॉ. जोव्हान्नी बोर्रोमेओ आणि सहकाऱ्यांनी आश्रयाला आलेल्या ज्यूंना दाखल करून कागदावर ‘के रोग’ असे निदान लिहिले. असा रोगच नव्हता. तपासणीला आलेल्या सैनिकांना तो भयंकर संसर्गजन्य असल्याचे सांगितले गेले आणि ते त्या वॉर्डात शिरले नाहीत. ‘के’ हे अक्षर केसेलरिंग किंवा काप्लर या जर्मन अधिकाऱ्यांवरून घेतले असे सांगतात. रुग्णालय आजही चालू आहे, त्यामुळे चौकात पर्यटकांपेक्षा रुग्णवाहिका आणि नातेवाइकांची वर्दळ अधिक.

भेटीसाठी वेगळे तिकीट लागत नाही. व्हेनिस चौकातून ८ क्रमांकाच्या ट्रामने बेल्ली थांब्यावर उतरले की बेट अगदी जवळ. चर्च दुपारी बंद असू शकते, म्हणून सकाळी जावे. पायऱ्या उतरून खालच्या दगडी फरसबंदीवर जाता येते. तिथून एकाच वेळी फाब्रिचो पूल, नदीतल्या बांधावरून कोसळणारे पाणी आणि खालच्या अंगाला १५९८ च्या पुरात मोडलेल्या पोंते रोत्तो या प्राचीन पुलाची एकाकी कमान दिसते. हिवाळ्यात पाणी चढले की ही फरसबंदी बुडते. उन्हाळ्यात बेटावर खुल्या आकाशाखाली चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा संध्याकाळी गर्दी असते.