जास्त जागा म्हणजे सरकार? डेन्मार्क, १९७३
'युरोपात ज्याच्या जागा सर्वांत जास्त, त्याचंच सरकार. तसा नियमच आहे,' हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. पटतो, कारण पुष्कळदा घडतंही तसंच. पण डिसेंबर १९७३ची डेन्मार्कची निवडणूक घ्या. १७९ जागांच्या संसदेत पाचाचे एकदम दहा पक्ष झाले. पहिल्याला ४६ जागा, दुसऱ्याला २८. सरकार केलं कुणी? २२ जागांच्या तिसऱ्याने, तेही एकट्याने! तिथे आधी बहुमत सिद्ध करावं लागत नाही. बहुमत विरोधात गेलं नाही, की पुरे. वर्षभराहून जास्त टिकलं ते. खात्री करायची तर त्या निकालाचा तक्ता काढा आणि नव्या पंतप्रधानांचा पक्ष कितव्या ओळीत आहे ते पाहा.