घर बदलताना मॉडेल कशाने तुटतं: बबल रॅप, सिमेंट रस्ते आणि अनुनाद

शाळांना सुट्ट्या लागल्या की नागपुरात घरं बदलण्याचा हंगाम सुरू होतो. कोणी महालातून बेसा-मनीषनगरला जातं, कोणी नोकरीपायी थेट पुण्याला. सामानात १/७०० मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सातशेव्या हिश्श्याएवढं, जहाजाचं मॉडेल, १/४८ चं विमान किंवा मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात पाहून हौसेने बांधलेलं इंजिन असलं, की घरातला प्रत्येक जण एकच सल्ला देतो: बबल रॅपचे चार थर मारा, चांगलं घट्ट. चहाच्या कपबशांसाठी हा सल्ला उत्तम आहे. मॉडेलसाठी घातक आहे.

कप सगळीकडून साधारण सारखाच मजबूत असतो. मॉडेलचं तसं नाही. जहाजाचा तळ हातात धरून उचलता येतो, पण त्यावरची डोलकाठी एक मिलिमीटर जाडीची आणि गोंदाच्या एका थेंबावर उभी. गुंडाळलं की दाब आधी पुढे आलेल्या भागांवर पडतो, आणि नेमके तेच भाग सर्वांत नाजूक असतात: अँटेना, तोफेची नळी, प्रोपेलर, विमानाची चाकं, इंजिनाला डबे जोडणारे कपलर. म्हणून मॉडेलला त्याच्या मजबूत जागी पक्कं धरायचं, बाकी कशालाही काही टेकू द्यायचं नाही, आणि मऊपणा मॉडेलभोवती न ठेवता पेटीभोवती ठेवायचा. हे असं का, ते नीट समजून घेतलं तर पुढची सगळी कृती आपोआप सुचते.

आधी आदळणं पाहू. हमालाच्या हातून पेटी ७५ सेंमीवरून पडली, तर जमिनीला टेकताना तिचा वेग किती असेल ते शाळेतल्या सूत्रावरून निघतं. पण मॉडेल तुटतं ते वेगाने नव्हे, वेग किती अंतरात शून्यावर आला त्यावरून. हिशेब सोपा आहे: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, म्हणजे सरासरी किती ‘जी’ बसले ते (एक जी म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या वजनाएवढा जोर). बबल रॅपचा एक थर ३ मिलिमीटर दबला तर ७५० भागिले ३, म्हणजे २५० जी. पाच सेंमी जाडीचा मऊ फोम २५ मिलिमीटर दबला तर फक्त ३० जी. शिखराचा धक्का याच्या सुमारे दुप्पट असतो. एक ग्रॅमची डोलकाठी २५० जीच्या क्षणी पाव किलोची होते, आणि तो भार गोंदाच्या त्याच थेंबावर येतो. फेविक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट गोंद ताण सहन करतो, पण तो ठिसूळ असतो आणि आडव्या झटक्याने चटकन सुटतो. त्यामानाने प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या सिमेंटचा सांधा टिकतो, कारण तिथे दोन्ही तुकडे एकजीव झालेले असतात.

पेटी एकदाही न पडता पोहोचली, तरी आत काड्या तुटलेल्या निघतात. त्याचं कारण अनुनाद. प्रत्येक उभ्या काडीची स्वतःची एक लय असते. पॉलिस्टायरीनची, म्हणजे किटमधल्या प्लास्टिकची, १ मिमी व्यासाची, ५ सेंमी लांब काडी सेकंदाला सुमारे ९५ वेळा, म्हणजे ९५ हर्ट्झने थरथरते. लांबी दुप्पट केली की लय चौपट मंदावते: १० सेंमीची काडी २४ हर्ट्झवर येते. जाडी अर्धी केली की १२ हर्ट्झ. टोकाला झेंडा किंवा रडार असेल तर आणखी खाली. आता ट्रककडे पाहा. पाट्यांच्या स्प्रिंगवर गाडीचा सांगाडा सेकंदाला २ ते ४ वेळा खालीवर होतो आणि चाकं आपापल्या टायरवर १० ते १५ वेळा उसळतात. झोक्याला त्याच्याच लयीत हलका धक्का देत राहिलं की झोका उंच जातो, तसंच १२ हर्ट्झच्या काडीला १२ हर्ट्झचा हादरा मिळाला की तिचं टोक दहा-वीस पट जास्त झुलतं. नागपूर ते पुणे १४ तास धरले, तर २० हर्ट्झच्या हादऱ्याने काडी दहा लाख वेळा वाकते. बुडाशी सूक्ष्म भेग पडायला एवढं पुष्कळ झालं.

इथे नागपूरच्या सिमेंट रस्त्यांचा संबंध येतो. काँक्रीटच्या रस्त्यात साधारण दर साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते, म्हणजे सेकंदाला अडीच सांधे. ही लय थेट गाडीच्या स्प्रिंगच्या लयीवर पडते. वेग थोडा कमी-जास्त केला की डोलणं लगेच कमी होतं. चालकाला आधीच सांगून ठेवावं.

मग फोम किती मऊ हवा? वजन ठेवल्यावर फोम किती मिलिमीटर दबतो ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १६ ला त्याने भागा. येणारा आकडा म्हणजे फोमवर ठेवलेल्या पेटीची लय, हर्ट्झमध्ये. एक मिलिमीटर दबला तर १६ हर्ट्झ, ४ मिलिमीटर दबला तर ८, २५ मिलिमीटर दबला तर ३. कोणताही मऊ आधार आपल्या लयीच्या १.४ पटीच्या वरचेच हादरे अडवतो. त्याच्या खालचे तो तसेच पुढे पाठवतो, आणि स्वतःच्या लयीजवळचे तर वाढवून पाठवतो. हलक्या मॉडेलखाली बबल रॅप एक मिलिमीटरही दबत नाही. त्याची लय १६ हर्ट्झच्या वर जाते आणि तो नेमके लांब काड्यांना लागणारेच हादरे मोठे करतो. फोम २५ मिलिमीटर दबला, तर पेटी ट्रकच्याच लयीत डोलते आणि पडल्यावर दबायला जागाही उरत नाही. मधली जागा ८ हर्ट्झच्या आसपास आहे, म्हणून पेटीच्या वजनाने फोम ३ ते ५ मिलिमीटर दबायला हवा. ‘शॉकप्रूफ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही गुंडाळीवर हा आकडा छापलेला नसतो. पट्टी घेऊन तो आपणच मोजायचा.

आता पेट्या. त्या दोन लागतात: मॉडेल धरणारी आतली पेटी आणि तिच्याभोवतीचा खोका. आतल्या पेटीचा तळ ६ मिमी प्लायवूडचा घ्या. जहाज असेल तर तळात आधीच बसवलेल्या नटांत खालून दोन स्क्रू. मोटारगाडी चासीच्या स्क्रूवर धरता येते. रणगाड्याची चाकं आणि पट्टे यांच्यामधून जाड दोरा घेऊन प्लायवूडच्या भोकांतून खाली बांधा. बुरूज फिरवून उचलता येत असेल तर तो वेगळा न्या. विमानाचं वजन चाकांवर ठेवू नका. पंख धडाला जिथे जुळतात तिथे, दोन्ही बाजूंनी, फोमच्या खाचा करून त्यांत ते बसवा. प्रोपेलर आणि सुटणाऱ्या अँटेना काढून झिपच्या पिशवीत ठेवा, पिशवीवर जागेचं नाव लिहा, आधी फोटो काढा. दिव्यांचं मॉडेल असेल तर बॅटरीचे सेल काढा. न निघणाऱ्या उंच काडीला दोन-तृतीयांश उंचीवर मऊ फोमच्या चिरेचा हलका आधार द्या. त्याने लय वर जाते आणि झुलणंही विरतं. पण हा आधार आतल्या पेटीला चिकटलेला असावा आणि मॉडेलचा तळ पक्का असावा, नाहीतर तोच आधार काडी मोडेल. बाकी सगळीकडे पेटीच्या भिंतीपासून २ सेंमी मोकळी जागा.

बाहेरचा पाच-प्लायचा, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा, खोका आतल्या पेटीपेक्षा लांबी, रुंदी आणि उंचीला १०-१० सेंमी मोठा, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ सेंमी पोकळी. मधल्या पोकळीत फोम ठासून भरू नका. जास्त फोम म्हणजे जास्त कडक आधार, ही गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. ३० × ३० सेंमीच्या, ५ सेंमी जाड फोममधून ७ × ७ चे १६ तुकडे निघतात: खाली ४ कोपऱ्यांत, वर ४, चारही बाजूंना दोन-दोन. रुंदी जाडीपेक्षा निदान एक-तृतीयांशाने जास्त हवी, नाहीतर तुकडा दबण्याऐवजी आडवा मुडपतो. तीन किलोच्या पेटीला गादीवाल्याकडचा मऊ फोम, म्हणजे सोफ्याच्या पाठीचा, बहुधा जमतो. बसायच्या जागेचा कडक पडतो. पेटी हलकी असेल तर त्याहून मऊ फोम घ्या. वरचे आणि बाजूचे तुकडे नुसते टेकावेत, दाबलेले नसावेत.

खरं मॉडेल ठेवण्याआधी त्याच वजनाची तांदळाची पिशवी बांधा, शेजारी स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीत येतात तिच्या, दोन-चार उरलेल्या काड्या त्याच गोंदाने उभ्या करा आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून खोका सोडा. काड्या उभ्या राहिल्या तर पेटी जमली.

उन्हाचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत ६५-७० सहज होतात. किटमधलं पॉलिस्टायरीन हे सोसतं, पण थ्रीडी प्रिंटचं पीएलए प्लास्टिक ५५-६० अंशांना मऊ पडून वाकतं. ग्लू गनचा गोंद, दुहेरी टेप आणि भाराखाली फेविकॉलचा सांधाही हळूहळू सरकतो. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सनबोर्डची मॉडेल्स यानेच उकलतात. मऊ पीव्हीसी, म्हणजे टेबलावर घालतात तसलं पारदर्शक कव्हर, रंगाला चिकटून बसतं, कारण त्यातलं मऊ करणारं रसायन रंगात आणि पॉलिस्टायरीनमध्ये उतरतं. रंगीत भागाला काही लागणारच असेल तर बटर पेपर लावा. अक्षय्य तृतीयेच्या भर दुपारच्या मुहूर्तावर सामान हलवण्याचा आग्रह अनेक घरांत असतो. कलश आणि देव त्या वेळी खुशाल न्या. पीएलए मात्र कोणत्याही तिथीला ६० अंशांनाच मऊ होतं, म्हणून मॉडेल पहाटे न्या.

छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, पेटी केबिनच्या लगेच मागे ठेवा. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग गाडी डोलताना सर्वांत जास्त उसळतो. स्वतःच्या कारमध्ये पुढच्या सीटच्या मागची जमीन चांगली, डिकी नको. वरची दिशा दाखवणारा बाण चारही बाजूंना काढा आणि पेटीवर दुसरं काही ठेवू देऊ नका.

नव्या घरी पेटी सावलीत तीन-चार तास तशीच ठेवा. तापलेलं प्लास्टिक हाताच्या दाबाने वाकतं, आणि गार झाल्यावर ते वाकलेलंच राहतं. आतली पेटी पांढऱ्या चादरीवर उघडा, म्हणजे सुटलेला बारीक तुकडा दिसतो. तुटलेल्या जागी आधी सायनोअॅक्रिलेट असेल तर तो पातीने खरवडून प्लास्टिक उघडं करा. प्लास्टिक सिमेंट त्याच्यावर धरत नाही. ताजी मोड मात्र घासू नका. तिचे दोन्ही काठ एकमेकांत नेमके बसतात, पातळ सिमेंटचा एक स्पर्श पुरतो, आणि रात्रभर त्याला हात लावायचा नाही.